मनकर्णाबाईंच्या डोळ्यातला थेंब

मी शेवगावच्या एका दवाखान्यातली थेंबांची बाटली बोलतेय. तपकिरी काच, अंगठ्याएवढी उंची, डोक्यावर काळी रबरी टोपी. दिसायला साधीच आहे मी, पण सांगून ठेवते, अमेरिकेतल्या एका मोठ्या शोधाचा या तालुक्यातला सगळा कारभार एके काळी माझ्या पोटात होता. त्या कारभाराचं पुढे काय झालं ते सांगायलाच तोंड उघडलंय.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला, एवढं नक्की. कुठल्या गावी, ते आठवत नाही. पुढे मी ज्या रोगाच्या तपासणीला लागले तो पाहता हे कबूल करताना जरा लाजच वाटते. पहिली नोकरी कानाच्या थेंबांची. एका पेन्शनर मास्तरांच्या उशाशी मी दोन वर्षं काढली. कानात थेंब पडला की मास्तर ओरडायचे, "अजून काही ऐकू येत नाही!" आणि बायको स्वयंपाकघरात हळूच काही पुटपुटली की लगेच म्हणायचे, "ऐकलं बरं का मी." माणसाच्या इंद्रियांवर फार भरवसा ठेवू नये, हे मी तिथेच शिकले.

थेंब संपले तसं मास्तरांनी मला दवाखान्यात परत आणून दिलं. तिथे कंपाउंडर होता मच्छिंद्र. वय पंचेचाळीस, मिशा भरघोस. तो सकाळी सायकलला कॅन लावून घरचं दूध डेअरीवर घालायचा आणि नऊ वाजता दवाखाना उघडायचा. त्यानं मला उकळत्या पाण्यात घातलं, वाळवलं आणि खिडकीतल्या फळीवर मांडलं. त्याच्या घराण्यानं तीन पिढ्यांत दुधात पाण्याचा थेंब घातला नाही, असं तो येईल त्या पेशंटला सांगायचा. तोंडात थर्मामीटर असलेला माणूस उलट काय बोलणार!

डॉक्टर प्रशांत तरुण होते, पुण्यात वाढलेले, पुण्यात शिकलेले. दवाखान्याच्या माडीवर राहायचे. त्यांची बायको दीपा जेवायची वेळ झाली की जिन्यातून "प्रशांत, ए प्रशांत!" अशी हाक मारायची. बाकावरच्या बायका तेव्हा एकमेकींकडे बघून पदराआड हसायच्या. डॉक्टरांच्या ते कधी लक्षातच आलं नाही.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या हाती एक वैद्यकाचं मासिक लागलं. दिवसभर पेशंट सोडून ते त्यालाच तपासत बसले. अल्झायमर नावाचा म्हातारपणी विसर पाडणारा रोग आहे, आणि तो डोळ्यात थेंब घालून ओळखता येईल, असं अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी म्हटलं होतं. चष्म्याच्या तपासणीला बाहुली मोठी करायचे जे थेंब घालतात, तेच. मात्र अगदी पातळ केलेले. इतके पातळ की धडधाकट माणसाच्या बाहुलीला पत्ताच लागू नये, आणि रोग असेल तर ती फुगावी. आपल्याकडे तोवर या रोगाची तपासणी म्हणजे "साठी बुद्धी नाठी" एवढं म्हणून विड्याचं पान पुढे करणं.

त्याच आठवड्यात मनकर्णाबाई आल्या. शेवगावपासून चार कोसांवर त्यांची शेती आणि तीन म्हशी. सोबत नवरा पुंजाराम, पांढरं धोतर, उन्हात रापलेला म्हातारा. आणि मुलगा राधाकृष्ण. हा श्रीरामपूरकडे साखर कारखान्यात कारकून होता. त्यानंच सगळं सांगितलं.

"भाजीत दोन-दोनदा मीठ घालती. इकलेल्या म्हशीला वैरन टाकून हाका मारती. ते चालंल. पन परवा चूल पेटती ठिवून रानात निघून गेली. डॉक्टर, एक दिवस घर जळंल. हा रोग हाय का न्हाई तेवढं लिहून द्या. असला तर मी तिला श्रीरामपूरला नेतो."

"आणि वडील?"

"क्वार्टर दीड खोलीचं हाय माझं. आन् म्हशींचं कोन बघंल? बाबा इथंच."

मनकर्णाबाईंनी पुंजारामांच्या धोतराचा सोगा बोटाला गुंडाळला, एवढंच मी पाहिलं. पुंजारामांनीच विचारलं, "रगत तपासून न्हाई का कळायचं?"

डॉक्टर म्हणाले, "रक्तात दिसत नाही, लघवीत दिसत नाही. खात्रीनं कळतं ते माणूस गेल्यावर. मेंदू कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की."

"म्हंजी बैल मेल्यावर डागदर बोलवायचा," पुंजाराम म्हणाले.

आधी प्रश्नांचा कागद निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज तारीख कोणती?"

"तारीख त्या भिंतीवर लिहिलीय की. तिथी सांगू का? काल परदोष हुता. आज चतुर्दशी, उद्या आवस."

डॉक्टरांना तिथी ठाऊक नव्हती. त्यांनी उठून कॅलेंडर पाहिलं. बाई बरोबर होत्या, पण कागदावर तिथीला रकाना नव्हता.

"देशाचा पंतप्रधान कोण?"

"कोन का असंना. आमच्या गावात तर आला न्हाई."

"आता तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. टेबल, सफरचंद, आगगाडी."

पाच मिनिटांनी ते शब्द परत विचारले. बाई गोड हसल्या. "तुमी मगाशी काय काय सांगितलं खरं. पन त्यातलं आमच्या घरात काईच न्हाई." बाई विसरल्या होत्या की त्यांनी डॉक्टरांना टोलवलं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"बरं, मालकांचं नाव सांगा."

बाई एकदम गप्प झाल्या. मान खाली गेली, पदर कपाळावर आला. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं विचारलं. मग चेहरा गंभीर करून त्यांनी कागदावर लिहिलं, "नवऱ्याचं नाव आठवत नाही."

पुंजाराम खो खो हसत सुटले. "डागदरसाहेब, पंचेचाळीस वर्सांत माझं नाव हिच्या तोंडातून बाहेर पडलं न्हाई. आज तुमच्या कागदापायी पडंल व्हय? अवं, माझ्या नावात राम हाय म्हनून ही कुनाला राम राम घालत न्हाई, नमस्कार म्हनती. रामफळाला तांबडं फळ म्हनती. पोरगा ऱ्हातो त्या श्रीरामपूरला इतकी वर्सं लेकाचं गाव म्हनती. ही ते विसरंल?"

मच्छिंद्र भिंतीकडे तोंड करून हसला. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. लिहिलेली ओळ खोडून म्हणाले, "प्रश्नांना रीतभात आडवी येते. डोळ्याला येत नाही. थेंब घालू."

आणि माझी निवड झाली. फळीवर आम्ही सात जणी होतो, पण स्वच्छ मीच. डॉक्टरांनी मच्छिंद्रला समजावलं, "हे चष्म्याच्या तपासणीचे थेंब. याचा एक भाग घ्यायचा, इंजेक्शनच्या पाण्याचे नव्व्याण्णव, आणि या बाटलीत भरायचं." एवढं सांगून ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

मच्छिंद्र एका हातात औषध आणि एका हातात पाणी घेऊन उभा राहिला. "नव्व्याण्णव?" तो मलाच म्हणाला. "लई झालं." त्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं दाराकडे पाहिलं, पाण्याची कुपी खाली ठेवली आणि निव्वळ औषध गळ्यापर्यंत माझ्यात ओतलं. मला एकदम जोर चढल्यासारखं वाटलं. म्हटलं, हीच ती अमेरिकेची ताकद!

मागच्या सामानाच्या खोलीत खिडकीला चादर लावून अंधार केला. मनकर्णाबाईंच्या उजव्या डोळ्यात माझा एक थेंब, डाव्यात साधं पाणी. डॉक्टर हातात फूटपट्टी आणि घड्याळ घेऊन समोर बसले. अर्ध्या तासानं चादर जरा सरकवली, तर उजवी बाहुली टपोऱ्या जांभळासारखी काळीभोर! डॉक्टरांचा आवाज कापला. शोध खरा निघाल्याचा आनंदही त्यात होता आणि बाईंबद्दलचं वाईटही. "आहे," ते म्हणाले.

राधाकृष्ण उठला. "मंग उद्याच नेतो."

"थांब," पुंजाराम म्हणाले. "डागदर, एक थेंब माज्या बी डोळ्यात घाला."

"तुम्हाला काही झालेलं नाही, आजोबा."

"झालंय का न्हाई ते मेल्याशिवाय कळत न्हाई म्हनला न्हवं? घाला!"

घातला. अर्ध्या तासानं पुंजारामांचीही बाहुली जांभूळ. म्हातारा बाकावरून उडालाच. "मला बी हाय! मला बी हाय!" इतक्या आनंदानं रोग पदरात घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "आता दोघास्नी ने न्हाईतर दोघास्नी ठिव. रोगी म्हाताऱ्याला एकटं तर तू बी सोडायचा न्हाईस!"

राधाकृष्ण पुढे सरकला. तो म्हणाला, "डॉक्टर, माझ्या डोळ्यात घाला बरं." त्याचीही फुगली. मग डॉक्टरांनी घाम पुसला आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच्या डोळ्यात घातला. तोवर ओसरीवर बायको, नवरा आणि मुलगा एकेका डोळ्यावर तळहात धरून ओळीनं बसले होते, कारण बाहेर रणरणतं ऊन आणि फुगलेल्या बाहुलीला उजेड सोसेना. चौथे डॉक्टर येऊन बसले. रस्त्यावरच्या लोकांनी पाहिलं, आणि संध्याकाळच्या आत शेवगावभर झालं की डोळ्यांची साथ आली, डॉक्टरसुद्धा सुटला नाही.

"मच्छिंद्र," डॉक्टर एका डोळ्यानं बघत म्हणाले, "पाणी किती घातलंस?"

मच्छिंद्र ताठ उभा राहिला. "न्हाई घातलं."

"का?"

"साहेब, जीव घ्या पन हे सांगू नका. आमच्या घरान्यात पानी घालत न्हाईत. एका भागाला नव्व्यान्नव पानी! गवळ्यानं असं केलं तर गाव त्याची धिंड काढंल."

डॉक्टर रागावणार होते, पण एका डोळ्यानं नीट रागावता येत नाही. त्यातच माडीवरून दीपानं "प्रशांत!" अशी हाक मारली, आणि तो विषय तिथेच राहिला.

चार दिवसांनी सगळ्यांना परत बोलावलं. या वेळी डॉक्टरांनी स्वतः पाणी मोजून घातलं. मी इतकी पातळ झाले की माझं मलाच कळेना, पोटात औषध आहे की नळाचं पाणी. पुन्हा अंधार, पुन्हा थेंब. आता अडचण वेगळी निघाली. टॉर्च मारला की बाहुली लाजाळूसारखी मिटायची, आणि टॉर्च विझवला की ती दिसायचीच नाही. अमेरिकेत म्हणे त्यासाठी यंत्र होतं. आमच्याकडे फूटपट्टी होती. तासभर धडपड करून डॉक्टरांनी लिहून दिलं, "थेंबांच्या तपासणीत रोगाची खूण आढळली नाही."

राधाकृष्ण कारखान्यातला माणूस. लिहिलेल्या कागदापुढे त्याचं काही चालत नसे. त्यानं तो चार घड्या करून खिशात ठेवला आणि एकटाच श्रीरामपूरच्या गाडीत बसला. नवरा-बायको टेंपोनं गावाकडे गेले. पुंजारामांनी जाताना मला हातात घेऊन कपाळाला लावलं. तेव्हापासून मी फार गर्वात होते. शेजारच्या बाटल्यांशी बोलेनाशीच झाले.

गर्वाचं घर खाली. पुढच्या दीड-दोन वर्षांत मासिकांतून यायला लागलं की ती तपासणी दुसऱ्यांनी करून पाहिली तर खूण काही पटत नाही. ज्यांना रोग आहे त्यांची बाहुली हलत नाही, नाही त्यांची हलते. डॉक्टरांनी ते वाचलं आणि मला आयोडिनच्या बाटलीमागे सरकवलं. मी काय तपासलं होतं? काहीच नाही. त्या कागदावरचं वाक्य माझ्या नावानं खोटं पडलेलं होतं, आणि तो कागद अजून राधाकृष्णाच्या खिशात होता.

सत्त्याण्णव साली ती तिघं परत आली. मनकर्णाबाई वाळल्या होत्या, पण चेहरा हसरा. राधाकृष्णानं तो कागद टेबलावर ठेवला. "डॉक्टर, ह्यात न्हाई म्हनून लिहिलंय. पन आई आता मला वळखत न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. जुना प्रश्नांचा कागद काढला. तारीख विचारली, बाई हसल्या. तिथी विचारली, तेव्हाही नुसत्याच हसल्या. राधाकृष्णाकडे बोट करून विचारलं, "हे कोण?"

"कुनाचं हाय गं बाई लेकरू? गुनाचं दिसतंय."

राधाकृष्ण खिडकीतून बाहेर बघायला लागला. डॉक्टरांनी हलक्या आवाजात शेवटचा प्रश्न विचारला. "आजी, मालकांचं नाव काय?"

"पुंजाराम," बाई म्हणाल्या. खणखणीत, शाळेतल्या पोरीसारखं.

मच्छिंद्रनं टाळीच वाजवली. "आलं की ध्यानात!" डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली. राधाकृष्णाचाही चेहरा उजळला. "सुधारना हाय मंग," तो म्हणाला.

पुंजाराम मात्र बाकावर मटकन बसले होते. "डागदर, ती खून पुसा."

"का हो? बरोबर सांगितलं त्यांनी."

"सत्तेचाळीस वर्सं हिनं माझं नाव घेतलं न्हाई. मार्गशीर्षापासून घ्यायला लागलीय. चारचौघांत घेती, पोरासोरांपुढं घेती. नाव ध्यानात हाय वो. ते का घ्यायचं न्हाई, ते गेलं."

डॉक्टरांचं पेन कागदावर तसंच थांबलं. मी आयोडिनमागे उभी होते आणि मला फार वाईट वाटलं. माझं पोट तेव्हा कोरडं होतं, नाहीतर मी गळलेच असते.

थोड्या वेळानं राधाकृष्ण म्हणाला, "मंग आता तर न्यायलाच पायजे. तुमचं वय झालं बाबा. तुमाला हे झेपायचं न्हाई."

पुंजाराम उठले आणि तोंड धुवायला मागच्या नळावर गेले. मनकर्णाबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. "पुंजाराम कुठं गेला?" त्या म्हणाल्या. कुणी बोलायच्या आत त्या उठल्या आणि अनवाणीच ओसरीवर गेल्या. "पुंजाराम! अरं पुंजाराम!" भर रस्त्याकडे तोंड करून, घाबऱ्या आवाजात. बाकावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

"ओ! हाय, हाय हितंच," पुंजाराम ओल्या तोंडानं धावत आले. बाई लगेच शांत झाल्या आणि येऊन बसल्या. जरा वेळानं पुंजाराम मच्छिंद्रशी बोलायला दारापर्यंत गेले तर पुन्हा तेच. "पुंजाराम!" "ओ!" त्या तासाभरात त्यांनी अकरा वेळा हाक मारली आणि म्हाताऱ्यानं अकरा वेळा ओ दिली. एकदाही त्याचा आवाज चढला नाही.

राधाकृष्ण ते बघत बसला होता. मग त्यानं टेबलावरचा जुना कागद उचलला आणि फाडला. "ती मला वळखत न्हाई, सुनंला वळखत न्हाई," तो म्हणाला. "तिच्याजवळ एवढं एकच नाव उरलंय. ते इथं ठिवून तिला तिकडं न्यायचं, तर न्यायचं तरी काय?"

डॉक्टरांनी नवा कागद घेतला. वर लिहिलं, "रोग आहे." खाली औषधाच्या जागी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं, "पुंजाराम. जवळ ठेवणे."

मच्छिंद्रनं चिठ्ठी हातात घेतली. सवयीप्रमाणे विचारलं, "दिवसातून किती येळा?"

"सारखं," डॉक्टर म्हणाले.

राधाकृष्णानं दोन म्हशी विकून टाकल्या, एक दुधापुरती ठेवली. चूल काढली, शेजारणीला स्वयंपाकाला सांगितलं. आणि दर शनिवारी एस.टी. पकडून तो गावाकडे यायला लागला.

या सगळ्याला दोन वर्षं झाली. आता माझ्या पोटात मच्छिंद्रच्या सायकलच्या साखळीचं तेल आहे. तेही त्यानं निव्वळ घातलंय, भेसळ नाही. दवाखान्याला रंग द्यायचाय आणि जुन्या बाटल्या टाकायच्या, असं काल डॉक्टर म्हणाले. माझी तक्रार नाही. ज्या कामाला मला नेमलं ते मला जमलं नाही, आणि उद्या ते जमणारी कुणी शहाणी शेवगावात आली तर तिला माझी जागा खुशाल द्या. फक्त पुढच्या सोमवारपर्यंत थांबा, एवढीच विनंती. सोमवारी राधाकृष्ण रजा काढतो, ती तिघं तपासणीला येतात, आणि मला खिडकीतून त्यांना पाहायचंय.

मागच्या खेपेला पुंजाराम नळावर गेले होते. मनकर्णाबाईंनी मान वळवली, शेजारी बसलेल्या राधाकृष्णाकडे बराच वेळ पाहिलं, त्याचा हात हातात घेतला आणि हाक मारली, "पुंजाराम?"

राधाकृष्णानं दाराकडे पाहिलं. बाप दारात येऊन उभा होता आणि काही बोलत नव्हता. मग राधाकृष्ण आईकडे वळला आणि म्हणाला, "ओ."